सहा तारखेची कोरी बाटली

सोमवार, ३ मार्च

सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी जीपच्या मागच्या फळीवर बसून चोविसाव्या बाटलीला चिठ्ठी चिकटवत होतो. मॅडम म्हणाल्या, “ते राहू दे. आधी पाय दाखव.”

मला वाटलं, काही लागलं की काय! पण त्यांना बुटांचे तळ बघायचे होते. ताठ केसांच्या ब्रशनं त्यांनी ते स्वतः झाडले. “आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. इथली माती इथंच राहिली पाहिजे. तिला आपलं घर दाखवायचं नाही.”

मी जेवायच्या सुट्टीत तिसऱ्यांदाही झाडले. गिरमिट हसला — “अरे, बूट झिजतील, माती नाही!”

कामाचा पहिला दिवस. दहा आठवड्यांचं काम. पुढं कचेरीत कायम करायचं का, ते “बघू” म्हणाल्या. बघू दोन तऱ्हेचं असतं. हे बऱ्या तऱ्हेचं वाटलं.

आम्ही चौघं. मॅडम रसायनवाल्या, माती-पाणी तपासतात. फौजी — निवृत्त, पाठ अजून ताठ — लोखंड शोधायचं यंत्र घेऊन पुढं चालतो. खाली लोखंड असलं की यंत्र किंचाळतं. गिरमिट हातानं गिरमिट फिरवून जमिनीतून माती उपसतो, म्हणून नाव गिरमिट. खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक असेल. आणि मी चिठ्ठ्या आणि रजिस्टर. नववी नापास. मी काम करायचो त्या कागदाच्या दुकानाची पाटी मॅडमनी पाहिली आणि आत येऊन विचारलं, “हे अक्षर कुणाचं?” एवढीच माझी मुलाखत.

फाटकावरच्या फलकावर ‘प्रवेश निषीद्ध’ लिहिलंय. दिवसभर टोचत राहिलं.

मंगळवार, ४ मार्च

डेपोचं मैदान मी लहानपणापासून कुंपणाबाहेरून पाहिलंय. आत काय चालायचं ते आज नीट कळलं. सैन्याचे जुने, निकामी बॉम्बगोळे इथं यायचे. फोडायचे, आतलं स्फोटक गरम पाण्यानं धुऊन काढायचं, खड्ड्यात जाळायचं. तीस वर्षं. मग डेपो बंद झाला. त्याला चौदा वर्षं झाली. आता खालच्या गावच्या विहिरी खराब झाल्यात म्हणून सरकारनं आम्हाला पाठवलंय — विष जमिनीखालून कुठवर गेलं ते शोधायला. आमची वस्ती दुसऱ्या अंगाला, चढावर. मॅडमच्या नकाशात आमच्या वस्तीवर काहीच रंग नाही. पांढरी. पाहून बरं वाटलं.

फौजीच्या पावलात पाऊल टाकूनच चालायचं. बाजूला एक बोटही नाही. संध्याकाळी परतताना मागं वळून पाहिलं. चार माणसं चालून आली आणि पावलं एकाच माणसाची.

पश्चिमेच्या खड्ड्यात झिरप्याचं पाणी साचलंय. गुलाबी! भडक नाही — लाल रंगाचा ब्रश धुतल्यावर तिसऱ्या पाण्याला येतो तसा. मॅडम म्हणाल्या, “स्फोटकाचं पाणी आहे. काढलं तेव्हा स्वच्छ दिसतं. ऊन लागलं की गुलाबी होतं.”

गिरमिट म्हणाला, “लाजतं बिचारं.”

कुणी हसलं नाही. तिथं हसायचं म्हटलं तरी आवाज बाहेर पडत नाही, अंगातच राहतो. त्या खड्ड्याभोवती मुंगी नाही. मी डब्यातला एक घास मुद्दाम सांडून पाहिला. पाऊण तास तसाच पडून होता.

बुधवार, ५ मार्च

आज कोरी बाटली शिकलो.

रोज सकाळी मॅडम एक छोटा कॅन देतात. प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी, त्यात काही म्हणजे काही नाही. मैदानावर ते एका बाटलीत ओतायचं, इतर बाटल्या उघड्या असतात तेवढाच वेळ ती उघडी ठेवायची, बूच लावून बाकीच्यांबरोबर तपासायला पाठवायची. तिच्यात काही सापडलं, तर दोष मैदानाचा नाही, आपला — आपले हात, आपली बाटली. मग त्या दिवसाच्या सगळ्या बाटल्या फेकायच्या.

“कोरी बाटली म्हणजे आपण आपल्यावरच बसवलेला पहारेकरी,” मॅडम म्हणाल्या. मी ते पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. आजची को-३.

घरी आलो तर वहिनी पाय वर करून पडलेली. सातवा लागलाय. मागच्या वेळी पाचव्यातच गेलं, म्हणून सगळेच जपून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, ओठ बघा कसे निळसर. आई दिवसभर तिला पाणी पाजते. “पाणी पी गं, पाण्यानं निम्मी दुखणी जातात.”

नळ एक दिवसाआड तासभर येतो. म्हणून मागच्या अंगणात बाबांचं पिंप. बाबांनी डेपोच्या लिलावात घेतलं होतं. बुडाला गळत होतं म्हणून आतून चार बोटं सिमेंट ओतलं. रविवारी मी आत उतरून तळ घासतो. तळ गुलाबीसर आहे. बाबा म्हणायचे, विटेचा भुगा जास्त पडला.

हे लिहिताना हात थांबला. उगाच. विटेचाच भुगा. पाणी स्वच्छ असतं. पाहुण्यांना पहिल्या घोटाला किंचित कडवट लागतं, एवढंच.

दिवे लागायच्या वेळी पिंप वाजलं — टण्. रोज वाजतं. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, कावीळ काही केल्या उतरली नाही. तेव्हापासून ते वाजलं की आई म्हणते, “आले तुझे बाबा.”

गुरुवार, ६ मार्च

हे फक्त इथंच लिहितो.

११ वाजून २० मिनिटं. ओळ सातवी, खुंटी तिसरी. कोरी बाटली भरायला कॅन उचलला — हलका! बूच सैल राहिलं होतं. सगळं पाणी पोत्यात जिरलेलं. बूच मीच लावलं होतं. दोनदा पाहिलं होतं! तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हाच सैल झालं असणार.

मॅडम आणि फौजी दोनशे पावलं पुढं. जीपपर्यंत एकट्यानं परत जायचं नाही. हाक मारायची म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं — चौथ्याच दिवशी चूक. ‘बघू’ची तऱ्हा तिथल्या तिथं बदलली असती.

माझी प्यायची बाटली होती. आईनं सकाळी गाळून भरलेली. मनात आलं, पाणी ते पाणी. आपण पितो त्यात काय असणार? ओतलं. बूच लावलं. चिठ्ठी लिहिली — को-४. रजिस्टरात लिहिलं — ‘शुद्ध पाणी, प्रयोगशाळेच्या कॅनमधून.’ अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं.

गिरमिटनं लांबून ओरडून विचारलं, “काय रे चित्रगुप्ता, कुणाचं पाप लिहितोयस एवढं निरखून?”

शुक्रवार, ७ मार्च

कॅनचं बूच सात वेळा पाहिलं. को-५ बरोबर. झोप नाही.

सोमवार, १० मार्च

आज ओळ बारावी, जुन्या शेडजवळून. शेडला भिंती नाहीत, नुसतं छप्पर. खाली पिंपांची रांग, गंजलेली, तोंडं खाली. अकरा मोजली. काम संपत आलं होतं. ऊन शेडवरून सरकलं. ४ वाजून ५० मिनिटं.

टण्.

माझ्या हातातून पेन पडलं. तोच आवाज! तसाच नव्हे, तोच. दिवे लागायच्या वेळी आमच्या अंगणात होतो तो. मग दुसरं वाजलं. मग पलीकडचं. रांगेनं, एकामागून एक, कुणी बोटानं वाजवत चालल्यासारखं, आमच्याकडं येत.

फौजी थांबला नाही. गिरमिट म्हणाला, “लोखंड आहे. गार झालं की बोलतं. तू का पांढरा पडलास?”

मी विचारलं, यांत काय भरायचे?

फौजी म्हणाला, “धुवण. गोळे धुतलेलं पाणी. तळाला साका बसायचा, खरवडला तरी निघायचा नाही.”

आमचं पिंप बाबांनी आठ दिवस धुतलं होतं. मला आठवतंय, मी आठ वर्षांचा होतो, बादली मी देत होतो. वर चार बोटं सिमेंट. चौदा वर्षं आम्ही पितोय, कुणाला काय झालंय?

कुणाला काय झालंय हे वाक्य लिहून बराच वेळ पाहत बसलो.

बुधवार, १२ मार्च

शाळेवरून येताना थांबलो. पोरं पाण्याच्या पिंपांपाशी रांगेत. दोन पिंपं, निळी रंगवलेली, वर पांढऱ्यानं ‘एका हितचिंतकाकडून’. लहानपणी मीही तिथंच प्यायलो. रंगाऱ्यानं अक्षरांना छान वळण दिलंय, कोण असेल कोण जाणे.

घरी — वहिनी दाराशी घेरी येऊन पडली. लागलं नाही. आईनं तांब्याभर पाणी पाजलं. मी पाहत उभा राहिलो. एवढं मोठं तोंड असून उघडलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

पहिल्या आठवड्याच्या बाटल्यांचे निकाल गुरुवारी. को-४ विसरायचं ठरवलं. विसरायचं ठरवलं की दिवसातून चाळीसदा आठवतं.

गुरुवार, २० मार्च

निकाल आले. मॅडमनी जीपच्या टपावर कागद पसरले, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

को-१ — काही नाही. को-२ — काही नाही. को-३ — काही नाही. को-५ — काही नाही.

को-४ वर त्यांचं बोट थांबलं. त्या दिवशी घेतलेल्या अठरा बाटल्यांपैकी सोळांपेक्षा कोऱ्या बाटलीत विष जास्त.

“हे शक्यच नाही,” मॅडम म्हणाल्या. “शुद्ध पाणी एवढं घाण होतं कसं? पश्चिमेच्या खड्ड्यात हात बुडवून कुणी तोच बाटलीत बुडवला तरच!”

सगळ्यांनी गिरमिटकडं पाहिलं. मातीत हात त्याचेच असतात.

“मी त्या बाटलीला शिवलो असेन तर हात झडो माझे!” तो पहिल्यांदाच ओरडला.

“चिठ्ठी तर बदलली नसेल?” फौजीनं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, “नाही. याच्याकडून चिठ्ठी चुकणार नाही.” माझ्याकडं बघून, अगदी खात्रीनं.

अठरा बाटल्या फेकल्या. चौकशी होईपर्यंत गिरमिटनं फाटकावर बसायचं, आत यायचं नाही, दिवसाची मजुरी निम्मी. तो जाताना माझ्या खांद्यावर थापटून म्हणाला, “बस आता, तुझ्या वहीत माझं पाप लिही.”

आणि मी गप्प! कारण मला त्याचंही काही वाटत नव्हतं. मी मनात एकच हिशेब करत होतो. बाटली स्वच्छ होती. चिठ्ठी बरोबर होती. हात धुतलेले होते. म्हणजे चूक कुठंच नाही. को-४ खरं बोलतेय. ते आमच्या घरचं पाणी आहे.

संध्याकाळी बाहेरून पाण्याचा मोठा डबा विकत आणला. म्हटलं, वहिनीला हेच द्या, पिंप धुवायचंय. दादा म्हणाला, “पैसे वर आलेत का, शहाण्या? घरात नळ असताना पाणी विकत?” वहिनी म्हणाली, “असू द्या हो, भावजींनी हौसेनं आणलंय.”

शुक्रवार, २१ मार्च

पिंपात दोन गोष्टी आहेत, पाणी आणि पिंप. दोष कुणाचा ते ठरवल्याशिवाय बोलायचं नाही. नळात असेल तर सगळी वस्ती गेली. पिंपात असेल तर —

तीन काचेच्या बरण्या धुतल्या, उकळल्या, पुसल्या. एकीत पिंपाचं पाणी. एकीत थेट नळाचं, आज नळ होता. एकीत मॅडमच्या कॅनमधलं उरलेलं. चिठ्ठ्या लावल्या — ‘पिंप’, ‘नळ’, ‘कोरी’. ही कोरी खरी कोरी. खिडकीत ठेवल्या, पूर्वेच्या उन्हात.

आई म्हणाली, “हे काय मांडलंयस?” म्हटलं, कामाचा अभ्यास. “शाळेत केला असतास तर!” म्हणाली.

शनिवार, २२ मार्च

पिंप — काही नाही. नळ — काही नाही. कोरी — काही नाही.

वहिनीनं विकतच्या डब्यातलं पाणी अर्ध्यावर सोडलं. मिळमिळीत लागतं म्हणाली. घरच्याची चव नाही.

रविवार, २३ मार्च

ढग. तिन्ही — काही नाही. मनातल्या मनात नाचलो! तळ घासायचा दिवस, पण आत उतरलो नाही. पिंपात डोकावलं. माझाच चेहरा, खाली गुलाबी आभाळ असल्यासारखा.

टण् झालं तेव्हा मी अगदी शेजारी उभा होतो. आवाज तळातून येतो. आईनं आतून विचारलं, “आले का रे?”

सोमवार, २४ मार्च. संध्याकाळी ५ वाजून १५ मिनिटं

नळ — काही नाही.
कोरी — काही नाही.
पिंप — पांढऱ्या कागदासमोर धरून पाहिलं. मग दुसऱ्या कागदासमोर. मग आईच्या लुगड्यासमोर.

गुलाबी आहे.

मंगळवार, २५ मार्च

सहा वाजता दादाला उठवून अंगणात नेलं, बरण्या दाखवल्या, सगळं सांगितलं. को-४ पासून. तो आधी हसला. मग बरणी हातात घेऊन तोंडापाशी नेली — वास घ्यायला — आणि झटका बसल्यासारखी खाली ठेवली.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“गुरुवारपासून खात्री. त्याआधी नुसता संशय.”

मला वाटलं मारणार. मारलं नाही. आत गेला, वहिनीची पिशवी भरली. दहाच्या गाडीनं तिला माहेरी सोडून आला. दोन तासांवर गाव आहे, पिठाची चक्की आहे तिच्या वडिलांची, अंगण मोठं, हवा चांगली. वहिनीला एवढंच सांगितलं की इथलं पाणी बिघडलंय, बाळ होईपर्यंत तिकडंच राहा. ती खूश! “भावजी, या वेळी आंबट-चिंबट तिकडंच खाईन,” म्हणाली. गाडी सुटली तेव्हा वीस दिवसांत पहिल्यांदा पोटात श्वास गेला.

मग मॅडमकडं गेलो. उभ्यानं सांगितलं. बूच, पोतं, माझी बाटली, रजिस्टरातलं खोटं. बरणी टेबलावर ठेवली.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला — “घरात कोण कोण पितं?”

सांगितलं. वहिनीचं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“आता कुठं आहे ती?”

“माहेरी. आज सकाळी पोचवली.”

“हे एक बरं केलंस.” मग म्हणाल्या, “गिरमिटला आत बोलाव. त्याच्या तोंडावर सांग.” सांगितलं. त्यानं माझी मान धरून हलवली, जोरात, आणि सोडून दिली. “मेल्या, मला त्याच दिवशी सांगितलं असतंस तर माझ्या बाटलीतलं दिलं असतं! सरकारी टाकीचं पाणी होतं!”

रजिस्टर मॅडमनी माझ्याकडून घेतलं. ‘बघू’ नाही, काहीच म्हणाल्या नाहीत. उद्यापासून चिठ्ठ्या गिरमिट लिहील. तो म्हणाला, “आता कोंबडीचे पाय बघा बाटल्यांवर.”

पाच वाजता सगळे आमच्या अंगणात. पिंप आडवं पाडलं. फौजीनं आधी हात फिरवला, कान लावला, मग सगळ्यांना मागं सारून लाकडी मोगरीनं, पाणी मारत मारत, सिमेंटच्या कडेला हळूच टिचकवलं. ढलपा निघाला. वरून गुलाबी, खालून लालभडक. आणि त्याच्याखाली, चौदा वर्षं उजेड न पाहिलेलं, पिवळं. मेणासारखं. हातभर रुंद, बोटभर जाड.

“सिमेंटनंच ओढून वर आणलंय,” मॅडम म्हणाल्या. “थोडं थोडं. रोज.”

आई दारात उभी होती. पदर तोंडाला. आज पिंप वाजलं नाही.

बुधवार, २६ मार्च

आईचं तोंड दुपारी उघडलं. तिला माहीत होतं! लिलावातच सांगितलं होतं, भंगार म्हणून न्या, पाणी भरू नका. “पण ती टंचाई तू पाहिली नाहीस. तळहाताएवढ्या भांड्यावरून बायका एकमेकींचे केस धरायच्या. तुझे बाबा म्हणाले, वर सिमेंट घातल्यावर काय येतंय बाहेर? लोकांनी पाय धरले रे त्यांचे.”

लोकांनी?

“आपल्याला एकच पिंप मिळालं होतं ना, आई?” मी विचारलं. बाबा कायम तसंच सांगायचे.

ती म्हणाली, “विकायची परवानगी नव्हती. म्हणून बोलायचे नाहीत.”

मॅडमना सांगितलं पाहिजे, म्हटलं. दादा म्हणाला, “बाबांचं नाव चव्हाट्यावर आणणार तू?” मी म्हटलं, माझं आलंच आहे, जागा आहे अजून. दादा बाहेर निघून गेला.

आई म्हणाली, तुझ्या बाबांची हिशेबाची वही कुठं आहे ते आठवू दे. तिला आठवत होतं. तिला एक रात्र हवी होती.

संध्याकाळी वहिनीचा फोन. आवाज टवटवीत. “झोप लागली छान. भावजींना सांगा, विकतचं पाणी पाठवू नका म्हणावं. इथलं अगदी आपल्या घरच्यासारखं लागतं.”

दादानं हसून फोन ठेवला. मीही हसलो.

गुरुवार, २७ मार्च. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं

आईनं वही दिली. बाबांचं अक्षर. मॅडमसाठी जसंच्या तसं उतरवतोय.

लिलाव, ४२ पिंपं, दर ६० — २,५२०
सिमेंट, वाळू — ३१०
हातगाडी — ९०
एकूण खर्च — २,९२०

घरी — १
शाळा — २. पैसे घेतले नाहीत. रंग स्वतः दिला. नाव घालू नये.
वस्ती — ३७, दर १०० — ३,७००. जमा ३,३००. येणे ४००.
चक्कीवाले — २, दर १०० — २००. जमा १००. येणे १००. (पुढं नंतरच्या शाईत —) सोडून दिले. थोरल्यासाठी त्यांच्या मुलीचं पक्कं झालं.